काम संपलंय, मी न्हाय

सोलापूरच्या परीक्षा केंद्रात आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. घड्याळ, पर्स, सगळंच. पडद्यावर निकाल बघून मी बाहेर आले आणि पहिला फोन मंगलला करायचा म्हणून घाईनं लॉकर उघडला, तर अण्णांचे फोन येऊन गेलेले. अण्णा म्हणजे मंगलचे वडील. मेंढरांमागं आयुष्य गेलेला हा माणूस स्वतःहून कधी कुणाला फोन करत नाही. मंगल ज्या दवाखान्यात होती, तिथल्या कुणाकडून तरी लावून घेतला असणार. मी उलट फोन केला.

“ज्योती, मंगल गेली,” ते म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत, “तुझा पेपर कसा झाला?”

मला वाटलं, धक्क्यानं काहीतरीच बोलताहेत... “पास झाले, अण्णा.”

“बरं झालं. तिनं इचाराया सांगितलं होतं. ये आता.”

त्याला काही आठवडे झाले. या काळात मंगलबद्दल मी बरंच ऐकलं. बिचारी, नशिबाची कच्ची, एवढं शिकून शेवटी गावाकडंच आली... तिला बिचारी म्हटलेलं मला चालणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही डिप्लोमाला एका बाकावर होतो. ती मुरुमकडची, धनगराची. शाळा वसतिगृहात झाली, कारण घरचा मुक्काम आज या शिवारात तर उद्या त्या. मी उमरग्याची. दोघी हैदराबादला गेलो, ती नेटवर्कच्या कामात आणि मी टेस्टिंगमध्ये, आणि दोघीही कंत्राटावर. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. तीच इमारत, तेच कॅन्टीन, फक्त गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी वेगळ्या रंगाची. कंत्राट संपलं की दुसऱ्या दिवशी ते कार्ड दार उघडत नाही, एवढंच. पुढचं काम मिळेपर्यंत पगार नाही, आणि पुढचं काम देणारा पहिल्यांदा विचारतो, नवं काय शिकलात, कुठलं सर्टिफिकेट आहे? ज्या दिवसांत खिसा रिकामा, नेमकं त्याच दिवसांत महागडी परीक्षा द्यायची.

एका वर्षी मंगलचं कंत्राट संपलं आणि लवकर दुसरं मिळेना. ती परत आली. मुरुमच्या बाजारात कुणीतरी तोंडावर विचारलं, “काढलं व्हय गं तुला?”

“काढलं न्हाय. काम संपलंय, मी न्हाय,” ती म्हणाली. “तोडणी संपली की ऊसतोडीची टोळी गावाकडं येती. तिला काढली म्हणता का?”

तोवर आमच्या भागातली कितीतरी पोरं-पोरी अशीच घरी येऊन बसली होती. बसली म्हणजे तोंड लपवून. दिवसा बाहेर पडायची नाहीत, आणि कुणी विचारलंच तर रजेवर आलोय म्हणायची. मंगलनं उमरग्याला हायवेलगत, टायरच्या दुकानावरची एक खोली घेतली. हैदराबादच्या जुन्या बाजारातून मोडीत निघालेले राउटर आणि स्विच आणले, सरावासाठी जोडले आणि बाहेर पाटी लावली, ‘दोन कामांच्या मधली खोली’. मी म्हटलं, अगं, अशा पाटीखालून कोण जिना चढणार? सगळ्या गावाला कळेल की काम गेलंय. “कळू दे की,” ती म्हणाली. “लाज कंपन्यांची हाय, आपली कशाला?”

खोलीचे नियम साधे. अभ्यासाचं साहित्य बहुतेक फुकट मिळतं, फक्त कुठं ते माहीत नसतं. ते ती काढून द्यायची. परीक्षेच्या शुल्कात सवलत कुठं, कधी मिळते यावर तिची नजर असायची. उरलेल्या शुल्कासाठी भिशी होती. ज्याला काम लागेल त्यानं पुढच्या माणसाच्या परीक्षेसाठी भर घालायची. चोरीच्या प्रश्नपत्रिका पाठ करून पास होणाऱ्याला मात्र जिना बंद. आणि जे शिकलं ते चहाच्या आधी सगळ्यांना आपल्या बोलीत सांगायचं. इंग्रजीतलं वाक्य जसंच्या तसं फेकलं की म्हणायची, “हे पाठ हाय. समजलंय ते सांग.”

एकदा पुण्याहून कोर्स विकणारे लोक आले. लग्नाच्या कार्यालयात मेळावा, व्यासपीठ, हार, मोठा पडदा. भरमसाट फी आणि नोकरीची हमी. आयाबाया पोरांना घेऊन आल्या होत्या, काहींनी तर सोनं मोडायचं ठरवूनच. मंगल मधल्या रांगेतून उठली. “हमी लिहून देता का? नोकरी न्हाय लागली तर फी परत, एवढी एकच ओळ.”

व्यासपीठावरचा कोटवाला हसला. “ताई, तुम्ही सध्या कुठं आहात?”

“घरी हाय. काम न्हाय मला.”

“मग ज्याला स्वतःला काम नाही, त्यानं दुसऱ्याला...”

“म्हणूनच इचारायलीय,” ती मोठ्यानं म्हणाली. “काम असतं तर तुमच्या मेळाव्याला कशाला आले असते? इथं बसलेली समदी माझ्यासारखीच हायत. त्यांच्यासाठी लिहा की ती ओळ.”

ओळ कुणी लिहिली नाही. त्या दिवशी कार्यालयातून काहीजण उठले ते थेट टायरच्या दुकानावर आले.

माझं कंत्राट बाळंतपणानंतर वाढलं नाही. सासूबाई म्हणाल्या, आता घरच सांभाळ. मंगल आमच्या घरी आली, सासूबाईंच्या हातचा चहा प्याली आणि म्हणाली, “मावशी, रोज सकाळी मी हिला न्यायला येणार. लेकरू तुमच्याकडं. हिचा हात चालू राहिला तर पुढं तुमच्या नातीचीच सोय होईल.” परवानगी मागितलीच नव्हती, म्हणून कुणाला नाही म्हणता आलं नाही.

मग तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. हातावर सुया, चेहरा सुजलेला, तरी खोली चालू. याच काळात तिच्या स्वतःच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली. आमच्या क्षेत्रात ही कायमची नसतात, काही वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आम्ही सगळ्यांनी समजावलं. अण्णा पहिल्यांदाच चिडले, “तुला आता कोण कामाला बोलावनार हाय, पोरी? कशाला जिवाला तरास?”

“माझ्या आधी ते संपू द्यायचं न्हाय मला, अण्णा,” ती म्हणाली. “मी गेल्यावर संपलं तर संपलं.”

अण्णा तिच्यासोबत सोलापूरला गेले आणि केंद्राबाहेर कट्ट्यावर बसून राहिले. ती पास झाली. काम खरंच मिळालं नाही, कारण आठवड्यातून दोनदा मशिनीला लागणाऱ्या माणसाला कुणी घेईना. दर मुलाखतीत ती आजार लपवायचा नाही म्हणून आधीच सांगायची, आणि समोरच्यानं ‘कळवतो’ म्हटलं की स्वतःच म्हणायची, “चला, पुढं बघू.”

माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात तिच्याजवळ होते. तिला धाप लागत होती. मी म्हटलं, तारीख पुढं ढकलते. तिनं माझं मनगट धरलं... “पाच जणांच्या भिशीवर परीक्षेला बसायलीस तू. जा. थांबलीस तर तुझ्याशी बोलणार न्हाय.” हे ती हसून म्हणाली, पण मनगट घट्ट धरलं होतं.

ती गेल्यावर सगळे म्हणाले, तेरावं होईपर्यंत खोली बंद ठेवा. भावकीतले एक जण तर म्हणाले, आता कायमचीच बंद करा, पोरीनं तिथं तब्येतीची माती केली. अण्णा घोंगडं खांद्यावर टाकून उठले. “माती झाली म्हणू नका,” ते म्हणाले. “मेंढरू आजारी पडलं म्हणून कळप थांबवतो का आपन? त्या पोरांच्या परीक्षा हायत.” तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कुलूप उघडलं आणि आम्हाला बोलावून घेतलं.

आता चहाच्या आधी मी ऐकते, कोण काय शिकलं ते. अण्णा बाजाराला आले की जिना चढून येतात आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. परवा आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचा एक गृहस्थ आला, चाळिशीचा, पाठीला लॅपटॉपची बॅग. दारातच घुटमळला. “मला... म्हणजे आमच्या कंपनीनं...” नवा माणूस आला की मंगल काय झालं, कसं झालं हे कधीच विचारत नसे. ते सांगताना माणूस लहान होतो, म्हणायची. मी उठणार, तेवढ्यात अण्णांनी शेजारची खुर्ची पुढं सरकवली.

“ते ऱ्हाऊ द्या,” अण्णा म्हणाले. “बसा. काय शिकायचं म्हनता?”