पिशवी साफ न केल्याची गोष्ट

बाळंतपणानंतर रक्त जातं हे भिवंडीजवळच्या आमच्या अंजूरमध्ये शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. त्यामुळे मुलगा तीन आठवड्यांचा होत आला आणि माझं थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू झालं, तेव्हा घरात कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सासूबाईंनी निदान करून टाकलं. "आत घाण ऱ्हायली असंल गो. पडू दे भाईर." आणि त्या अळिवाची खीर ढवळायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळण्याजवळून उठले आणि पायाखालची फरशी लाल झाली. धार लागली म्हणतात तशी. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, हा नियम ज्या बाईने घरात वीस जणींवर चालवला असेल, तिनेच मला धरून रिक्षात घातलं. मांडीवर बाळ, कुशीत मी, आणि तोंडाने रिक्षावाल्याचा उद्धार: "अरे भाई, जल्दी चल ना, क्या बैलगाडी हाकता है?"

भिवंडीत निजामपुऱ्यातल्या ज्या डॉक्टरबाईंकडे माझं बाळंतपण झालं, त्यांनी लगेच दाखल करून घेतलं. सलाईन लागलं, चढवायला रक्त मागवलं. रक्त जरा आटोक्यात आलं तशी सासूबाईंनी मागणी केली, "पिशवी साफ करून टाका बाई. गेल्या येलेला केलती, तवा बरी झाली व्हती."

गेल्या वेळी म्हणजे दोन वर्षांपूर्वी. तेव्हा माझा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता आणि गर्भाशय खरवडून साफ करावं लागलं होतं. दोन दिवसांत मी चालायला लागले होते. त्यामुळे यावेळी मीही सासूबाईंच्या बाजूने होते. असा योग आमच्याकडे वर्षातून एकदा येतो.

"आधी कलर सोनोग्राफी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "न बघता मी आत हात घालणार नाही."

"मूल तर पाळण्यात हाय. आता मशिनीत काय बगायचं?" सासूबाईंचा आवाज चढला. शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात तासाभरात सफाई करून देतात, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला ऐकवलं. नवरा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. लग्नानंतर त्याने हे एक कौशल्य चांगलं कमावलं आहे. शेवटी मीच वैतागून म्हणाले, "होऊन जाऊ दे ती सोनोग्राफी, पण आधी भांडण थांबवा."

गरोदरपणात त्या सोनोग्राफीच्या खोलीत मी कितीदा गेले होते, पण पडदा कायम डॉक्टरांकडे वळवलेला. मुलगा की मुलगी ते कळायला नको म्हणून. मी आपली भिंतीवरची कायद्याची पाटी वाचत पडून राहायचे. यावेळी सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी आतून तपासणी केली, मग पडदा सरळ माझ्याकडे फिरवला. सासूबाईंनाही जवळ बोलावलं.

करड्या पडद्यावर एका जागी लाल, निळा, पिवळा रंग नुसता उसळत होता. मला ते सुंदर वाटलं, खोटं कशाला सांगू.

"हे सगळं धावतं रक्त आहे," ते म्हणाले. "आत घाण वगैरे काही राहिलेली नाही. मागच्या सफाईच्या जखमेच्या जागी बहुतेक धमनी आणि शीर थेट एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. मधल्या बारीक नळ्याच नाहीत. मोठ्या लाइनचं पाणी जोरात थेट गटारात गेलं तर कसं होईल, तसं."

"म्हंजे चोरून कनेक्शन घेतलंय," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी. आणि आपण तिथेच खरवडलं असतं तर रक्त थांबवणं हाताबाहेर गेलं असतं. मग जीव वाचवायला पिशवीच काढावी लागली असती."

सासूबाईंनी माझा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही. बाहेर आल्यावर नवऱ्याला त्यांनी असं काही बजावलं, जणू सफाईचा हट्ट त्यानेच धरला होता: "हिच्या पिशवीला कोणी हात लावायचा न्हाय. सांगून ठेवते."

डॉक्टरबाईंनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात फोन केला आणि ॲम्ब्युलन्सने आम्ही गेलो. तिथे संमतीच्या कागदावर लिहिलेलं होतं की वेळ पडली तर गर्भाशय काढू. मी अडून बसले. दुसरं मूल हवं की नको याचा विचारही मी केला नव्हता, पण तो विचार करायचा हक्क मला हवा होता. तिथल्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तो शेवटचा उपाय. तिथवर जायला लागू नये म्हणूनच हे करतोय." मग मी सही केली.

जांघेत भूल देऊन एक बारीक नळी रक्तवाहिनीत घातली. मी जागी होते. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ती गर्भाशयापर्यंत नेली आणि बारीक कण सोडून ती चुकीची जोडणी बंद केली. पोट कापलं नाही, टाका नाही. नंतर ओटीपोटात कळा आल्या, बाळंतपणाची आठवण व्हावी अशा. पण चार दिवसांत रक्त थांबलं आणि आम्ही बाळाला घेऊन घरी आलो. मला फार बरं वाटत होतं. भूक तर अशी लागायची की डिंकाच्या लाडवांचा डबा सासूबाईंनी वरच्या फळीवर ठेवला.

मूल वर्षाचं होत आलं. मी गोदामाच्या ऑफिसात पुन्हा ड्युटीवर जायला लागले. एका दुपारी तिथल्या बाथरूममध्ये कपड्याला रक्त दिसलं. नवऱ्याला नाही, मी सासूबाईंना फोन केला. मूल कडेवर घेऊन त्या रिक्षाने आल्या. भिवंडीपर्यंत आम्ही दोघी एकदाही भांडलो नाही. आमच्यात हे सहसा घडत नाही.

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी रंगाचं बटण दाबलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. करडा, शांत पडदा. कडेला रंगाचे एखाद-दोन ठिपके, असायला हवेत तेवढेच.

"ताई, ही तुमची बाळंतपणानंतरची पहिली पाळी आहे," ते म्हणाले.

"नक्की?" सासूबाईंनी विचारलं. मग पुन्हा विचारलं. मी टेबलावर पडल्या पडल्या रडत होते.

आमच्या घरात पाळीच्या दिवसांत देवघराकडे जायचं नाही. यावरून मी लग्नापासून सासूबाईंशी वाद घातले आहेत आणि एकही जिंकलेला नाही. त्या संध्याकाळीही दिवेलागणीला मी मूल घेऊन ओटीवर बसून राहिले. त्या बाहेर आल्या, माझ्या मांडीवरून मूल उचललं आणि म्हणाल्या, "चल, ऊठ. आज दिवा तू लाव."

मला टोमणा सुचला होता, पण मी तो गिळला. हात धुतले आणि आत जाऊन दिवा लावला.