अकरा पिना

प्रोसेसरच्या त्या अकरा पिना मी वाकवल्या होत्या. आमच्या गल्लीत हा दोष वर्षानुवर्षं एका बाईंच्या नावावर फिरला. त्यांनी तर त्या पिना सरळ केल्या होत्या. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकली, नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे मी पुन्हा आडवाटेला लागलो असतो.

सातपूरला आमचा प्रेस टूल बनवायचा कारखाना होता. आमचा म्हणजे शेठचा. शेठ देवळ्याकडचे. घरचा कांद्याचा व्यापार भावांवर सोडून ते लोखंडात आले, तेव्हापासून मी त्यांच्याकडे. आधी फिटर, मग टूलरूमचा मिस्त्री. नव्वदच्या दशकात ड्रॉइंग बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले आणि मी डिझाइन खात्याचा प्रमुख झालो. हुद्दा बदलला तरी शेठ मला मिस्त्रीच म्हणत. मलाही ते बरं वाटे.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास आमच्याकडे चार कॉम्प्युटर होते. डायचं, म्हणजे साच्याचं, मॉडेल स्क्रीनवर तयार झालं की मशीनवरचा कटर कुठून कसा फिरवायचा, तो मार्ग कॉम्प्युटर मोजून काढायचा. मोजणं सुरू झालं की अर्धा-पाऊण तास माऊससुद्धा हलत नसे. मग आमची पोरं चहाला जात. शेठ केबिनच्या काचेतून बघत. "मिस्त्री, पंखे चालू, लाइट चालू, माणसं बंद. लय मजेशीर कारखाना हाय आपला."

एका दुकानदाराने चारही कॉम्प्युटर काढून नवे घ्या असा सल्ला दिला होता. शेठनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. दुसरा कोणाचा तरी सल्ला घ्यावा म्हणून मी त्या बाईंना बोलावलं. इंदिरानगरला तळमजल्यावर त्यांचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तिशीच्या आसपास वय, स्कूटीवर यायच्या, पाठीला सॅक. आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं नाही. एक स्टूल ओढलं आणि आमच्या ड्राफ्ट्समनच्या मागे अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. तो काय करतो, कुठे अडतो, कधी उठतो, ते बघत. दुरुस्तीला आलेला माणूस आधी काम बघतो आणि मग यंत्र, हे मी टूलरूममध्ये फार थोड्या जणांत पाहिलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "यंत्रं चांगली आहेत. प्रोसेसर एकटा पडतोय. याच बोर्डावर दोन कोअरचा प्रोसेसर चालतो. तेवढाच बदलू."

"म्हणजे स्पीड डबल?" शेठनी विचारलं.

"नाही."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. विकायला आलेलं माणूस नाही म्हणतं, याची त्यांना सवय नव्हती.

"शेठ, तुमच्याकडे एक लेथ आहे. तुम्ही शेजारी दुसरा घेतला. पहिल्यावरचा जॉब लवकर होतो का?" बाईंनी विचारलं.

"नाय होत. पण दुसरा जॉब लागतो की."

"तेच. मार्ग मोजायला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहील. पण मोजत असताना दुसऱ्या ड्रॉइंगवर काम करता येईल. तुमचं चहाचं बिल मात्र निम्मं होईल."

शेठ खदखदून हसले. तिथेच ठरलं. आधी एक कॉम्प्युटर. जमलं तर उरलेले तीन त्यांनाच, शिवाय गल्लीतले बाकीचे कारखानदारही. शेठ दुपारी त्यांच्यासोबत चहाला बसत आणि त्यांच्यात शेठचा शब्द चाले. बाईंनाही हे माहीत होतं. जाताना मला म्हणाल्या, "सर, हे जमलं तर या गल्लीवर माझं दुकान उभं राहील."

चार दिवसांनी त्या प्रोसेसर घेऊन आल्या. प्लास्टिकच्या डबीतून काढून त्यांनी तो उलटा धरला. नऊशेच्यावर पिना, केसापेक्षा जाड नसाव्यात असं वाटावं अशा, सरळ ओळींत उभ्या. मी वाकून बघत राहिलो; शेठ तेव्हा कारखान्यात नव्हते. पण तो त्यांनी त्या दिवशी बसवला नाही. त्याआधी बोर्डाचा बायोस, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, अपडेट करावा लागतो, आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्डच मरतो. आमच्या यूपीएसची बॅटरी दोन मिनिटंही टिकत नव्हती आणि सातपूरची वीज त्या काळात मनाला येईल तशी जायची. "उद्या सकाळी माझी बॅटरी घेऊन येते," त्या म्हणाल्या. डबी माझ्या कपाटात ठेवून त्यांनी बजावलं, "तोवर याला हात लावू नका, सर. आणि बसवताना बघायला या, गंमत असते. यात दाब नसतो. बाजूची लिव्हर वर करायची, वर ठेवायचा, आपल्या वजनाने बसतो."

ते वाक्य मला खटकलं. पंचवीस वर्षं मी बुश बसवले होते, पिन ठोकल्या होत्या. जी वस्तू आपल्या वजनाने बसते तिला आम्ही ढिली म्हणतो आणि परत पाठवतो.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीचे लोक कारखाना बघायला येणार होते. ते येतील तेव्हा नवा प्रोसेसर चालू असावा अशी शेठची इच्छा होती. पण शेठचं निमित्त मी पुढे करणार नाही. माझ्या खात्यातलं यंत्र बाहेरून आलेल्या बाईने उघडायचं आणि मी बाजूला उभं राहून गंमत बघायची, हे मला सोसवत नव्हतं. चार स्क्रू तर होते. बाई गेल्या त्याच दुपारी पोरं जेवायला गेली तेव्हा मी कॅबिनेट उघडलं, जुना प्रोसेसर काढला, नवा ठेवला. लिव्हर पूर्ण वर केली नव्हती, हे आता कळतं. प्रोसेसर बसेना. हाताला थोडं घट्ट लागलं, आणि घट्ट लागणं मला ओळखीचं होतं. मी अंगठ्याने दाबलं.

काही आवाज झाला नाही. उचलून बघितला तर एका कोपऱ्यातल्या पिना झोपल्या होत्या. मी तो डबीत ठेवला, डबी कपाटात ठेवली, जुना प्रोसेसर परत लावला. पोरं आली तेव्हा कॉम्प्युटर चालू होता.

सकाळी बाई बॅटरी घेऊन आल्या. बायोसचं काम निर्वेध झालं. शेठ मुद्दाम बघायला येऊन उभे होते. बाईंनी डबी उघडली, प्रोसेसर उलटा केला आणि थांबल्या.

"काय झालं?" शेठ म्हणाले.

"पिना वाकल्यात."

शेठनी मला विचारलं, "मिस्त्री, तू हात लावला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्या शेठना म्हणाल्या, "मी करते नीट. पॉइंट फाइव्हची एक पेन्सिल मिळेल का, शिसं आत घालायची?"

माझ्या खणात होती. त्यांनी तिच्यातलं शिसं काढून टाकलं, पेन्सिलची पोकळ नळी एका पिनेवर चढवली आणि अगदी किंचित उभी केली. थांबल्या, खिडकीच्या उजेडात आडवा धरून ओळ बघितली. पुन्हा किंचित. एक पिन एका दमात सरळ करत नव्हत्या. तिला दोन-तीनदा विसावा देत होत्या. मोडली तर संपलं. गिऱ्हाईक कंपनीचे लोक आले, हिंडले, गेले. बाईंनी मान वर केली नाही. मी चहा पाठवला, तो तसाच निवला. माझ्या हाताखाली चांगले फिटर झाले, दोघे-तिघे तर माझ्याहून चांगले. पण धातूला किती सांगायचं आणि कुठे गप्प बसायचं हे इतकं अचूक कळणारा हात मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

न राहवून मी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"चुका करून, सर. पहिले दोन माझ्याच हातांनी मोडले. ज्याच्याकडे कामाला होते त्या दुकानदाराला सांगितलं, माझ्या हातून मोडले. तो चिडला, पण मग त्यानेच हे शिकवलं."

मी निवलेला चहा उचलून बाहेर नेला.

अकराच्या अकरा उभ्या राहिल्या. त्यांनी लिव्हर वर केली, प्रोसेसर वर ठेवला आणि हात मागे घेतला. तो बसला. खरंच, आपल्या वजनाने. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर त्यांनी स्क्रीनवर एक खिडकी उघडून दाखवली. जिथे एक आलेख असायचा तिथे दोन शेजारी शेजारी धावत होते. आमच्या ड्राफ्ट्समनने मोजणी लावली आणि दुसरं ड्रॉइंग उघडलं. ते उघडलं. माऊस हलत होता. "आता चहाला कसं जायचं?" तो म्हणाला आणि सगळे हसले. बाईही हसल्या.

त्या यंत्रावर आम्ही पुढे पाच वर्षं काम केलं. एकदाही कुरकुर नाही.

पण उरलेले तीन त्यांना मिळाले नाहीत. त्या गेल्यावर शेठ म्हणाले, "हात सोन्याचा हाय बाईचा. पण असला माल स्कूटीवर आणतात का? आपलं नशीब, सरळ झाल्या." ते काम व्हॅन असलेल्या एका दुकानदाराकडे गेलं. चहाच्या टेबलावर गोष्ट गल्लीभर झाली आणि गल्लीतून कोणीही त्यांना बोलावलं नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की शेठ ती गोष्ट रंगवून सांगायचे. स्कूटी, खड्डे, पिना. ड्रिलिंग मशीनला झेंडूची माळ घालता घालता कोणी तरी म्हणे, "हळू रे, पिनावाल्या बाईसारखं नको." सगळे हसत.

निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात मी इंदिरानगरला शोधत गेलो. दुकान आहे. छोटंच आहे. बाईंचे केस पांढरे व्हायला लागलेत आणि भिंगाचा दिवा लावून त्या कसला तरी बोर्ड बघत होत्या. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"सर, मला त्याच दिवशी कळलं होतं. अकराही पिना एकाच बाजूला वाकल्या होत्या. खड्ड्याने अशा वाकत नाहीत. दाबल्यावर वाकतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं."

मी खाली बघितलं. त्यांनी मला पाणी दिलं. रागावलेल्या दिसत नव्हत्या, आणि त्यामुळे मला आणखी अवघड झालं. निघताना म्हणाल्या, "पण मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

यंदा खंडेनवमीला मी सातपूरला गेलो. कारखाना आता शेठचा मुलगा बघतो; शेठ खुर्चीत बसून असतात. पूजा झाली, पेढे वाटले. शेठनी गोष्ट सुरू करायच्या आधी मी त्यांच्याजवळ बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री, मी दर वर्षी ही गोष्ट सांगायचो."

"हो."

"तू माझ्या शेजारी बसायचा."

"हो."

"हसायचा बी."

"हसायचो, शेठ."

त्यांनी हातातला पेढा बशीत ठेवला. "मग माझ्या कानात काय सांगतो? मी उभा राहून सांगायचो. तू बी उभा राहा."

समोर पंचवीस-तीस माणसं होती, निम्मी जुनी, निम्मी नवी. मी उभा राहिलो.