पांढऱ्या कार्डाची माणसं

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी मोठ्या दिरांनी यांच्या हातात दोन वस्तू दिल्या. एक तुरीच्या डाळीची पिशवी आणि दुसरा तहसिलातून आणलेला दाखला, घरच्या रेशन कार्डातून आमची दोघांची नावं कमी केल्याचा. पुण्यात नवीन कार्ड काढायचं तर जुन्या कार्डातून नाव कमी झालेलं लागतं, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि मीच मागे लागून तो दाखला आणवला होता. सासूबाई एस.टी.च्या खिडकीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "नाव कमी कराची येवढी काय घाई होती व माय?" मला त्यांचा रागच आला. पुण्याला निघालेल्या माणसांना कुणी असं बोलतं का?

त्यांच्या मागे माझी मोठी जाऊ, कमलबाई, डोळ्यांना पदर लावून उभी होती. ते रडणं निरोपाचं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नव्या साडीत खिडकीशी बसलेली आणि तिच्या वाट्याला तीच चूल, तेच शेण, तेच दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाणं. ती जळत होती. "तुमचं बरं हाय," एवढंच म्हणाली. वाशीमपासून पुण्यापर्यंत मी ते वाक्य तोंडात घोळवत आले. त्याची चव इतकी चांगली होती की घरून बांधून दिलेल्या दशम्यांची आठवणही झाली नाही.

स्वारगेटला उतरलो तेव्हा उजाडत होतं. बिबवेवाडीत चढावर एक खोली मिळाली. यांना नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम लागलं, पगार बँकेत जमा होऊ लागला, पगाराची स्लिप मिळू लागली. मग रेशन कार्ड काढायची वेळ आली. ऑफिसबाहेर बसणारा एजंट भला माणूस होता. तो म्हणाला, ताई, केशरी करून देतो, पगाराचं काय लिहायचं ते मी बघतो. मी म्हटलं, नको, आहे तो पगार लिहा आणि पांढरंच द्या. तो पुण्यातल्या माणसांच्या रीतीने म्हणाला, "तुमची मर्जी. हौसेला मोल नसतं."

त्याला काय सांगणार? आमच्या गावात पांढरं कार्ड दोनच घरी होतं, हायस्कूलच्या हेडमास्तरांकडे आणि डॉक्टरांकडे. बाकी सगळं गाव पिवळं, थोडं केशरी. पांढऱ्या कार्डाची माणसं रेशन दुकानाच्या रांगेत उभी राहत नसत. आमच्याकडून जो कुणी शहरात येतो त्याला आधी तेच हवं असतं, घर नंतर. दिवाळीला गावी गेले तेव्हा मी ते कार्ड पर्समधून नेलं होतं. कमलबाईने हात लुगड्याला पुसले आणि मगच ते हातात घेतलं. तिच्या त्या पुसण्याने माझी दिवाळी झाली.

पुढे वर्कशॉपच्या जवळ म्हणून धायरीला राहायला आलो. घरमालकीणबाई तिथल्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. बिल्डरला काही जमीन दिलेली, उरलेल्या जागेवर तीन मजले भाडेकरू. त्यांच्या यजमानांच्या छातीत दुखायला लागलं आणि सरकारी योजनेतून मोठ्या दवाखान्यात फुकट उपचार झाले. मी विचारलं, तुम्हाला कसं काय बसवलं त्यांनी योजनेत? त्या पापड उलटे करत म्हणाल्या, "आमचं केशरी हाय. गाव होतं तवाचं. कोण बदलत बसतंय?" आणि वर म्हणाल्या, "तुमी बाई नोकरदार मानसं, तुमाला कशाला लागतंय." त्याच हाताने त्यांनी माझ्याकडून भाडं घेतलं.

खरं तर त्या बाईंचं मला एवढं लागलं नसतं. लागलं ते कमलबाईचं.

तिच्या हृदयाची झडप खराब झाली. पिवळ्या कार्डावर योजनेतून ऑपरेशन मंजूर झालं आणि ते पुण्यातच व्हायचं होतं. दिर दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीने सालदार होते, त्यांना सुट्टी नव्हती, तेव्हा दवाखान्याचं सगळं माझ्याकडे आलं. मी रोज धायरीहून दोन बस बदलून डबा घेऊन जायची. ती पांढऱ्याशुभ्र चादरीवर पडलेली असायची, नर्स तिला आजी न म्हणता ताई म्हणायची, तपासण्या, औषधं, जेवण, सगळं आपसूक होत होतं. परत जायचं गाडीभाडंसुद्धा मिळणार होतं. देवाने मला माफ करावं, पण त्या आजारी बाईचा मला हेवा वाटत होता.

कारण नेमके त्याच महिन्यात हे लंगडायला लागले होते. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, खुब्याचं हाड सुकलंय, सांधा बदलावा लागेल, नाहीतर उभं राहायचं काम विसरा. लेथवर बसून काम होत नाही. आणि आमच्या डोक्यात तेव्हा धायरीतलाच एक वन आर.के. होता, बुकिंग केलेला, खिडकीतून सिंहगड दिसणारा.

कमलबाईचा डबा देऊन मी योजनेच्या काउंटरवर गेले. तिथल्या बाईंनी यांचा आजार ऐकला, मान हलवली, योजनेत बसतो म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी कार्ड मागितलं. मी दिलं. त्यांनी ते उघडूनही बघितलं नाही, बाहेरूनच परत केलं.

"पांढरं आहे. पांढऱ्याला नाही."

मी म्हटलं, मॅडम, आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो हो. त्या म्हणाल्या, "खोली कुणी विचारली? कागदावर आपण सुखी आहात." त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कागदावर सुखी व्हायला मीच तर गेले होते.

डिस्चार्ज झाल्यावर कमलबाई आमच्याकडे राहिली. पलंग तिला दिला, आम्ही खाली. एका दुपारी मी तिला मोसंबी सोलून देत होते आणि हे आतून भिंत धरत धरत मोरीकडे गेले. ते बघून माझा तोल सुटला. मी म्हटलं, बाई, तुमचं बरं आहे. एका छापील पिवळ्या तुकड्यावर तुमचं काळीज दुरुस्त झालं, आणि आम्ही इथे घाम गाळून श्रीमंत ठरलो. आमची नावं घरच्या कार्डात असती तर आज यांना भिंत धरावी लागली नसती.

तिने तोंडाकडे नेलेली मोसंबीची फोड हातातच धरली. मग म्हणाली, "शोभा, ते कार्ड फुकट नाही भेटत. ग्रामसभेत गरिबाईची यादी वाचतेत. साऱ्या गावासमोर. माह्या पोरीच्या सासरचे बसले होते तवा, न् माहं नाव वाचलं. कोनाची हरकत हाय का, म्हने. मले वाटलं, जमीन फाटावी."

तिला वाटलं असेल, मला वाईट वाटेल. मला मात्र आणखीच हेवा वाटला. मी म्हटलं, वाचू द्या ना बाई. तुमची गरिबी साऱ्या गावाला माहीत आहे. माझी शेजारच्या खोलीलाही माहीत नाही.

तिने फोड माझ्याच हातात परत दिली आणि खा म्हणाली.

यांचं ऑपरेशन झालं. फंड काढला, दागिने मोडले आणि वन आर.के.चं बुकिंग रद्द केलं. हे आता चालतात, लेथवर उभे राहतात. त्या खिडकीतून दुसरंच कुणीतरी सिंहगड बघतं. संध्याकाळी तिथे दिवा लागला की मी आमच्या गॅलरीचं दार लावून घेते. पुढे योजना सगळ्या रंगांच्या कार्डांना लागू झाली. टीव्हीवर ऐकलं तेव्हा हे हसले. मला हसू आलं नाही. आमची पाळी होऊन गेल्यावर दार उघडणाऱ्यांचं कौतुक मला जमत नाही.

पण तुम्हा सगळ्यांना, म्हणजे गावात राहिलात त्यांना आणि माझ्यासारखे निघून आलात त्यांना, सांगायचं आहे ते यांचं ऑपरेशन आणि टीव्हीवरची ती बातमी, या मधल्या उन्हाळ्याचं. यांना काठी सोडून चालता येऊ लागलं म्हणून आम्ही गावी गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा होती. कमलबाई म्हणाली, एकटीले जीवावर येते, चाल. मारुतीच्या देवळापुढे मांडव घातला होता. आम्ही दोघी बायकांत मागे बसलो. ग्रामसेवक गरिबांच्या यादीतून एकेका घराचं नाव घेऊन, त्या घरातल्या माणसांची नावं वाचत होते.

आमचं घर आलं. दिरांचं नाव वाचलं. मग कमल. तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. कार्डात तिच्यानंतर यांचं नाव असायचं, मग माझं, आणि शेवटी सासूबाईंचं. मला ते चांगलं माहीत होतं, आणि तरी माझी मान वर झाली. ग्रामसेवकांनी कमलनंतर थेट सासूबाईंचं नाव घेतलं. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. ते विचारत होते, कुणाची हरकत आहे का? माझी होती. पण काय म्हणून उठणार?

पुढचं घर सुरू झालं, त्याच्या पुढचं झालं. मी ऐकतच बसले, जणू चुकून कुठल्या तरी भलत्याच घरात आमची नावं निघतील. कमलबाईने माझ्या दंडाला धरून हलवलं.

"ऊठ आता," ती म्हणाली. "आपलं झालं वाचून."

तिच्या त्या "आपलं" या शब्दात मी होते की नव्हते, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. पुण्यात कुणी गाव विचारलं की मी अजूनही तेच घर सांगते, जिथे माझं नाव वाचलं जात नाही.