कांडर म्हणजे कुठला साप?

सापांच्या नावांचं काम घेतलं की घाबरण्याचे किस्से आपोआप साचत जातात. रायगडात गाव बदललं की सापाचं नाव बदलतं. ती सगळी नावं आम्ही कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडत होतो, म्हणजे पेशंटने कुठलंही नाव सांगितलं तरी दवाखान्यात बरोबर साप उघडेल. सॉफ्टवेअर मी अलिबागहून बघायचो. नावं सांगायला दोघं होते: तळा गावात साप पकडणारे महादेवभाऊ आणि बोर्ली पंचतनच्या नर्स नसरीनआपा.

*

भाऊ चुलीमागचा नाग सहज उचलतात. पण ‘ही दोन नावं एकच’ या बटणावर पहिल्यांदा बोट ठेवताना त्यांनी ते तीनदा मागे घेतलं. घाबरता कशाला, मी विचारलं.

“साप चावला तर मला चावंल. ह्ये चुकलं तर दुसऱ्याला.”

*

आपांनी ‘बिनविषारी’ हा शब्दच काढायला लावला. तो वाचला की माणूस निवांत घरी जातो, म्हणाल्या. त्या जागी आता ‘नजरेसमोर ठेवा’ असं येतं.

*

मग कांडर आला. भाऊंच्या गावात कांडर म्हणजे कवड्या, विष नसलेला. आपांच्या भागात कांडर म्हणजे मण्यार. ती चावल्याचं कळतही नाही आणि श्वास बंद पडत जातो. दोघांनी आपापलं जोडलं, दोघंही बरोबर. कॉम्प्युटरने त्यावरून ठरवून टाकलं, की कवड्या म्हणजेच मण्यार!

सकाळी भाऊंनी ते पाहिलं आणि मला फोन केला. मण्यार चावलेल्यालाही हे कवड्या सांगेल, म्हणाले. जोड तोडण्याआधी आपांना कळवावं म्हणून फोन लावला.

आपा हळू आवाजात बोलल्या. सुपारीच्या वाडीतली एक बाई समोर होती. पहाटे अंथरुणात कवड्या चावला म्हणत होती, त्रास काही नव्हता, घरचे तिला परत न्यायला निघाले होते. स्क्रीनवर मण्यार दिसली म्हणून आपांनी त्यांना थांबवून ठेवलं होतं.

“आता तिच्या पापण्या मिटायला लागल्यात,” आपा म्हणाल्या. “इंजेक्शन सुरू केलंय. तू कशाला हात लावू नकोस.”

ॲम्ब्युलन्स तिला घेऊन अलिबागच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत मी स्क्रीनसमोरून उठलो नाही. बाई वाचली.

ती बोलायला लागल्यावर भाऊ तिला भेटायला आले. मोबाइलवर आधी कवड्याचा फोटो दाखवला. तिने मान हलवली, हा नव्हे. मग मण्यारीचा दाखवला. ती दचकून मागे सरली.

“ह्योच. आमच्याकडं ह्यालाच कवड्या बोलतात.”