डेअरीतली दोन बटणं

न्हावऱ्याच्या दूध डेअरीत सभासदांसाठी ठेवलेल्या कीबोर्डची दोन बटणं मी उगाच एकदम दाबली आणि अख्खा कॉम्प्युटर बंद पाडला. वजनकाटा थांबला, रांग उन्हात अडकली. माझ्यामागच्या अनोळखी बाई दूध नासू नये म्हणून कॅनवरचं फडकं पुन्हापुन्हा भिजवत होत्या.

डेअरीवाल्यानं कॉम्प्युटरच्या कंपनीला स्पीकरवर फोन लावला. "सिस्टीममधला जुना दोष आहे," तिकडून उत्तर आलं. "ती दोन बटणं एकदम दाबायची नसतात."

बाईंनी फोनच हिसकावला. "गोठ्याला कडी तुम्ही लावायची न्हाई, आन् म्हस सुटली की गावाला शिव्या? दोष म्हाईत हाय, तर दुरुस्त कवा करणार?"

संतापानं मीही जोरजोरात मान डोलावली.

तशा त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही डोलू नका! कडी न्हाई दिसली, म्हून म्हस सोडायची अक्कल तुमचीच ना?"