उन्हात सांडलेली वाळू

आमचं वावर समुद्रपूरकडं, नदीच्या काठाले. तिथची दरड दोन माणसं उंच.

कापूस वेचत होतो तं शहरातली एक पोरगी अन दोन माणसं आली. त्याईनं दरडीत लोखंडी पाइप ठोकला. वर काळं कापड धरून थो काढला अन दोन्ही तोंडं बंद केली. मी इचारलं, "काऊन लपवून राह्यली वो माय?"

थे म्हणे, "काकू, ही वाळू गाडली गेल्यापासून हिनं ऊन पाहिलं नाही. शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते आम्ही मशीनवर मोजतो. मग समजतं, हजारो वर्षांपूर्वी नदीला मोठे पूर कधी आले, दुष्काळ कधी पडले. आता उजेड लागला तर सगळं पुसलं जाईल."

मले गंमत वाटली. माह्या नवऱ्याले, बुढ्याले, नाई वाटली. माह्या भासऱ्याचं, बुढ्याच्या मोठ्या भावाचं, वावर रस्त्यात गेलं, तवाबी आधी अशीच माणसं खुंट्या ठोकाले आलती. बुढा लोखंडी सब्बल घेऊन धावत आला.

"माह्या वावराचं माप घेता? आण थो पाइप."

पोरगीनं पाइप छातीशी धरला. "बाबा, नुसती वाळू आहे हो."

"दे, नाई तं डोक्स फोडतो."

त्याचा हात वर गेला का खाली आल्याबिगर राह्यत नाई, हे मले लग्नापासून मालूम. मी मधात गेली. सब्बल माह्या उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखणं मंग आलं. दुसरा तडाखा पाठीत. त्या माणसाईनं त्याले धरलं, तं एकाचं नाक फोडलं त्यानं. पाइप हिसकला, झाकण काढून वाळू उन्हात झटकली.

"हेच का?" म्हणे, अन मलेच लाथ घातली.

पोरगीनं वाळूकडं पाह्यलंबी नाई. मले जीपमधी टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं इचारलं, कसं झालं? आजवर दरवेळी मी सांगे, घसरली. दात पडले तवा, पोटातलं पडलं तवाबी. पोरगी बाजूले उभी होती, तिच्या ओढणीले माहं रगत.

म्हटलं, "नवऱ्यानं मारलं. लिवून घ्या."

पोलिसाईनं बुढ्याले दम देऊन सोडलं. मी घरी गेली नाई. आता सिंदी मेघेले लेकीजवळ राह्यतो. हात वाकडाच जुळला, भाकर डाव्या हातानं थापतो.

बुढा दोनदा न्याले आला. "चाल. लोक काय म्हणतीन?"

म्हटलं, "हात कसा मोडला, थे लोकाईले तुमीच सांगजा."