‘जेवली का व?’ विचारणारी आत्या

वर्धा जिल्ह्यात लग्नाच्या वयाचा असा एकही मुलगा नसेल, ज्याचा फोटो माझ्या आत्याच्या मोबाइलमध्ये नाही. आणि अशी एकही मुलाची आई नसेल, जी आत्याचा फोन आला की हातातलं काम टाकून पदर सावरत नाही. आत्या सोयरिकी जुळवते. हा तिचा धंदा नव्हे, यातून तिला एखाद्या लुगड्यापलीकडे काही मिळालेलं मी पाहिलेलं नाही. हा तिचा श्वासोच्छ्वास आहे. आर्वीच्या डेपोत ती वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत बसली, की बाजूच्या बाईची मुलगी आणि समोरच्या बाकावरच्या बाईचा मुलगा यांचं गाडी लागायच्या आत निम्मं ठरलेलं असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा एका डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना उरलेल्या डोळ्यानं तिनं डॉक्टरांचा धाकटा भाऊ हेरला. मी म्हटलं, “आत्या, आजच्या दिवस तरी राहू दे.” ती म्हणाली, “काऊन? लग्नाले डोये कायले पाह्यजे? डोये उघडे ठेवून करणाऱ्यायचं कोणतं भलं झालं?”

मोबाइल हातात आल्यापासून तर तिला आवरणं कठीण झालं. तो ती पोळ्यांच्या डब्यात ठेवते, कारण तिच्या मते बाहेर ठेवला की त्याची हवा जाते. बोलताना ती त्याच्यावर इतकी ओरडते, की पलीकडच्या माणसानं फोन ठेवून नुसती खिडकी उघडली तरी भागावं. कोणता ग्रुप कशाचा, हा भेद तिला मान्य नाही. आमचे एक लांबचे काका वारले, तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेल्या त्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली आत्याकडून मजकूर गेला: ‘मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं घर, स्वभाव शांत.’ तसं पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. पण पुलगावच्या एका घरून चौकशी आली, तेव्हा काकूंना ते फार लागलं.

मुली पाहण्याच्या निमित्तानं आत्या त्यांचे व्हिडिओ पाहू लागली. कोणी नाचणारी, कोणी रांगोळी काढणारी, कोणी नुसतीच शेतातून चालणारी. आत्याला सगळ्याच आवडायच्या. मग एके दिवशी कुणीतरी तिला व्हिडिओखालची वाक्यं कशी वाचायची ते दाखवलं. ती चष्मा पुसून पुसून वाचत राहिली आणि मग भडकली. “हे घाण कोण करून राह्यलं इथं?” आपल्या अंगणात कुणी येऊन थुंकावं, तसा तिचा चेहरा झाला होता. घाण करणाऱ्यांना उत्तर द्यायचं नाही, हे तिनं तिथल्या तिथे ठरवलं. त्याऐवजी तिनं त्या मुलीलाच लिहिलं, ‘जेवली का व?’ दुसऱ्या दिवशी तिनं आपलं अख्खं भजनी मंडळ कामाला लावलं. हिंगणघाटच्या एका नाचणाऱ्या मुलीखाली वाईट वाईट लिहून आलं होतं. दुपारपर्यंत ते सगळं तळाला गेलं आणि वर दिसू लागलं: ‘जेवली का व?’, ‘आज भाजी कायची केली?’, ‘पाय दुखत असतीन तं गरम पाण्यात ठेवजो’. एका टवाळखोरानं चिडून विचारलं, ‘म्हातारे, तू कोण?’ आत्यानं लिहिलं, ‘तू बी जेवला का बापू? कोण्या गावचा? घरी कोण कोण असते?’ तो पुन्हा तिथे फिरकला नाही.

हळूहळू हे जिल्हाभर पसरलं. कुठल्या मुलीला मोबाइलवरून त्रास झाला, की तिची आई आधी रडायची आणि मग आत्याला फोन लावायची. आत्या कापडी पिशवीत दोन लुगडी आणि स्वतःची उशी घालून त्या घरी जायची. मुलीला ती काही म्हणजे काही विचारायची नाही. बाजारातून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ढीगभर जुड्या आणायची आणि तिच्यापुढे ओतायची. “निवड. सांबारवडी कराची हाय.” मुलगी निवडायची, आत्या शेजारी बसायची आणि जिल्ह्यातल्या बिघडलेल्या लग्नांच्या गोष्टी सांगायची. कुणाचा नवरदेव वरातीच्या घोडीवरून पडला, कुणाची सासू मांडवातच रुसली. जुड्या संपेपर्यंत मुलगी एकदा तरी हसलेली असायची. बऱ्याच घरांत त्या दिवसांत सांबारवडी इतकी झाली, की शेजारपाजारचे लोकही कंटाळले.

आमच्या घरी ही वेळ आली, तेव्हा मात्र मला त्यातलं काही हसण्यासारखं वाटलं नाही. आम्ही वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे इथे राहतो. माझी मुलगी वैष्णवी वर्ध्याला कॉलेजात आहे. ती खंजेरी वाजवून भजनं म्हणते, आणि बाप म्हणून सांगत नाही, पण खंजेरीवर तिची बोटं पडली की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. तिचे व्हिडिओ लोक आवडीनं पाहायचे, कॉलेजनं तिला युवा महोत्सवासाठी निवडलंही होतं. मग ‘विदर्भ का शेर’ नावाच्या एकानं खाली घाण लिहायला सुरुवात केली. त्याच्यामागे आणखी चार टाळकी लागली. शेवटी त्यांनी तिचा चेहरा कापून भलत्याच फोटोला चिकटवला आणि तो कॉलेजच्या पोरांत फिरवला. वैष्णवीनं खंजेरी कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवली. तिचं कॉलेजला जाणं बंद झालं, महोत्सवाला नाही म्हणून कळवलं गेलं, आणि घरात बोलणं फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच उरलं. माझी पोरगी आता पुन्हा कधी वाजवणार नाही, अशी भीती मला वाटू लागली.

आत्या आर्वीहून पहिल्या गाडीनं आली. मी म्हणालो, “मी तिला अकाउंटच बंद कर म्हणतो.” आत्या पिशवी खाली ठेवण्याआधीच माझ्यावर घसरली, “चोर आंगणात आला म्हणून घर आपण सोडाचं काय रे?” मग वैष्णवीकडे वळून म्हणाली, “मोबाइलातलं काई पुसू नको पोरी. साऱ्याचे फोटो काढून ठेव. अन चाल.” आणि आम्हाला थेट पोलिसांकडे घेऊन गेली. तिथे एक तरुण महिला पोलीस होत्या. त्यांनी वैष्णवीला पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकलं, तिची यात काही चूक नाही असं दोनदा सांगितलं आणि तक्रार नीट लिहून घेतली. तक्रार पूर्ण झाली तेव्हा त्या बाईंच्या भावाचं वय, शिक्षण आणि आवडीनिवडी आत्याच्या मोबाइलमध्ये पोचलेल्या होत्या.

घरी आल्यावर अर्थातच कोथिंबीर आली. निवडता निवडता आत्या म्हणाली, “दाखव व मले तो शेर.” वैष्णवीनं मान फिरवून मोबाइल पुढे केला. त्या खात्यावर एक फोटो होता: मागे स्टुडिओतला बर्फाचा डोंगर, पुढे मोरपंखी रंगाचा, सोनेरी बटणांचा शर्ट, एक हात कमरेवर, आणि मानेच्या वर गॉगल लावलेलं सिंहाचं मुंडकं. आत्यानं फोटो जवळ नेला, लांब नेला. मग पिशवीतल्या पोळ्यांच्या डब्यातून स्वतःचा मोबाइल काढून ती बोटानं एकेक उपवर मुलगा वर सरकवत राहिली. “हे पाय!” तोच डोंगर, तोच शर्ट, तीच बटणं, तोच कमरेवरचा हात. वर मात्र बारीक मिशीचा एक पोरगा. “मुंडकं शेराचं हाय, पण धड आष्टीकडलं हाय,” आत्या म्हणाली. “याच्या मायनं पोराले पोरगी पाहा म्हणून माह्या मोबाइलचा जीव घेतला.” लग्नासाठी आईनं हौसेनं काढून घेतलेला फोटो त्या शहाण्यानं मुंडकं बदलून शिव्या द्यायला वापरला होता.

आत्यानं लगेच दोन्ही फोटो पोलीस बाईंना पाठवले. त्यांनी फोनवर बजावलं, “आत्या, आम्ही बघतो. तुम्ही त्याच्या घरी जाऊन भांडू नका बरं.” आत्या म्हणाली, “भांडाले कोण चाललं? पोहे खाले चाललो.” आणि तिनं आष्टीजवळच्या त्या गावी फोन करून कळवलं, की घर पाहायला येतो, मुलगी स्वतःच मुलगा पाहणार आहे, आताची तशीच फॅशन आहे. वैष्णवीला ती एवढंच म्हणाली, “वाटलं तं ये. बोलाचं काई बंधन नाई.” माझ्या अपेक्षेविरुद्ध वैष्णवी चप्पल घालून तयार झाली.

घरात सडा-रांगोळी झालेली होती. मुलाच्या आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पोहे आणि त्यांच्यावर ओतायला लालभडक तर्री तयार होती. आणि मुलगा बाहेर आला तो मोरपंखी शर्टात. आईनं शकुनाचा म्हणून तोच घालायला लावला होता. वैष्णवीनं तो शर्ट पाहिला आणि माझा हात घट्ट धरला. मग तिची नजर वर गेली. सिंहाच्या जागी ती बारीक मिशी आणि तेल लावून चापून बसवलेला भांग दिसला आणि ती फस्सकन हसली. इतक्या दिवसांनी ते हसणं ऐकून मला भरून आलं. मुलानं तिला ओळखलं असावं, कारण हातातली पोह्यांची बशी तिच्यापुढे न ठेवता तो तसाच मागे सरकला.

मुलगी पाहायला गेल्यावर जे जे विचारतात, ते सगळं आत्यानं मुलाला विचारलं. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. “जरासा चालून दाखव बापू.” तो बशी घेऊनच तुळशीपर्यंत जाऊन आला. “वाचता येते चांगलं? हे वाच मंग. मोठ्यानं. तुह्या आईले आयकू गेलं पाह्यजे.” आणि तिनं मोबाइल पुढे केला. मोतीबिंदूपासून आत्याच्या मोबाइलवरची अक्षरं वाटाण्याएवढी आहेत. मुलानं स्वतःचंच लिहिलेलं ओळखलं आणि पहिल्याच अक्षराला तो अडखळला.

“वाच न. लिवतानी तं अडखळला नाई.”

आई गोंधळून म्हणाली, “काय लिवलं हाय आत्याबाई त्यात? पत्रिका हाय काय?”

आत्यानं मोबाइल तसाच पुढे धरून ठेवला. तेव्हा वैष्णवी हळूच म्हणाली, “मी सांगू काय? मले वाचा नाई लागत. माहं सारं पाठ झालं आहे.”

तिनं त्यातला एक शब्दही उच्चारला नाही. त्याची गरजच पडली नाही. त्या माउलीनं माझ्या मुलीकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे. तिनं त्याच्या हातातली बशी काढून घेतली, आत जाऊन दुसरी बशी भरून आणली आणि वैष्णवीपुढे ठेवली. “तू खाय पोरी.” मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “आत्याबाई, याचा फोटो काढून टाका तुमच्या मोबाइलातून.” मुलगा रडत आत्याच्या पायाशी वाकला. आत्यानं पाय मागे घेतले. “माफी मले नोको मांगू. तिले मांग. तिनं द्याची का नाई, ते तिचं ते पाहीन. अन पोलिसायकडं तं तुले जाच लागन, ते काई टयत नाई.”

परतीच्या गाडीत वैष्णवी माझ्या खांद्यावर झोपली. आत्या खिडकीबाहेर पाहत होती. मी कौतुकानं म्हटलं, “आत्या, हे ‘जेवली का’ तुला सुचलं तरी कसं गं?” तिनं खिडकीची काच ओढून लावली. मग म्हणाली, “आमच्या वक्ती मोबाइल नोता. मी सातवीत होती. शाळेच्या भितीवर कोणंतरी कोळशानं लिवलतं माह्या नावानं. बाबानं भितीले चुना मारला अन मले शाळेतून काढलं. भित मस्त पांढरी झाली. घरात कोणी माह्यासंग बोले नाई. मी दोन दिवस चुलीजवळ बसून होती, पण जेवली का म्हणून कोणं इचारलं नाई.” एवढं सांगून तिनं पुढच्या बाकावरच्या बाईला तिच्या मुलाचं वय विचारलं.

पोलिसांनी त्या मुलाला आणि त्याच्या साथीदारांना बोलावलं, वैष्णवीचा तो चिकटवलेला फोटोही काढून टाकायला लावला. वैष्णवीची खंजेरी मात्र बरेच दिवस कपाटावरच होती. मग एका संध्याकाळी आतल्या खोलीतून आधी एक थाप ऐकू आली, मग दुसरी. मी हातातला चहा तसाच धरून दाराबाहेर उभा राहिलो. महोत्सव त्या वर्षीपुरता हुकला होता, पण व्हिडिओ पुन्हा सुरू झाले आणि त्यांच्याखाली भजनी मंडळाच्या बायकांच्या जेवणाच्या चौकशा सुरू झाल्या.

आता आत्याचं फिरणं कमी झालं आहे. गुडघे ऐकत नाहीत. आर्वीला घरी बसून तिनं मागच्या महिन्यात स्वतःचाच एक व्हिडिओ केला: सांबारवडी कशी करायची. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत छताचा पंखा दिसतो आणि मधून मधून आत्याचं कपाळ. फारसा कुणी पाहिला नाही. खाली एकच वाक्य आहे, वैष्णवीचं: ‘जेवली का व आत्या?’

परवा भेटायला गेलो तर आत्या ते वाक्य उघडून बसली होती. मी म्हटलं, “अगं, पोरीनं किती दिवसांपूर्वी विचारलंय. उत्तर नाही द्यायचं?” तिनं पदरानं मोबाइलची काच पुसली आणि तो पोळ्यांच्या डब्यात जपून ठेवला.

“राहू दे रे,” ती म्हणाली. “उत्तर देलं का मंग इचारणं संपते.”